उपग्रह अकरा वाजता येतो

सेंटिनेल-२ हा पृथ्वीची चित्रं काढणारा युरोपचा उपग्रह आमच्या खारेपाटावरून सकाळी अकराच्या सुमाराला जातो. बारा महिने, तेराही काळ, त्याची वेळ तीच. अमेरिकेचा लँडसॅट त्याच्या जरा आधी येऊन गेलेला असतो. या उपग्रहांची कक्षाच अशी आखलेली असते की ते जिथून जातील तिथे सूर्य आकाशात ठरावीक जागी असावा. सेंटिनेल-२साठी ती वेळ स्थानिक सूर्याची साडेदहा. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आणि अलिबाग-पेण पडतं ७३ अंशांवर, म्हणजे आमचा सूर्य घड्याळाच्या ३८ मिनिटं मागे. साडेदहाचे अकरा वाजून आठ मिनिटं होतात ती अशी. सावल्या सारख्या पडाव्यात, उजेड सारखा असावा आणि या वर्षीचं चित्र दहा वर्षांपूर्वीच्या चित्राशेजारी ठेवता यावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

शेतासाठी, जंगलासाठी, शहरासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. खाडीसाठी तिच्यात एक गोची आहे आणि आज मला त्याच गोचीबद्दल लिहायचंय.

मी पुण्यात एका ऑफिसात नकाशे करते. रस्ते, पाइपलाइनी, कुणाच्या तरी सोलर पार्कसाठी जमिनीचे उतार. पोटापाण्याचं काम ते. गाव मात्र अलिबाग आणि पेणच्या मधलं, धरमतर खाडीच्या अंगाचं. आमच्याकडे भरतीचं पाणी शेतापेक्षा उंच असतं, हे पुण्यातल्या मित्रमैत्रिणींना सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात. पण खारेपाट म्हणजे तेच. खाडीला मातीचा बांध घालून आत भात पिकवायचं, आतलं पावसाचं पाणी ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, बाहेर सोडायचं आणि भरतीला उघाडी बंद. बांध आहे तोवर शेत, बांध गेला की खाडी. संध्याकाळी ऑफिसचं काम संपलं की त्याच लॅपटॉपवर मी आमची खाडी उघडते. चित्रं फुकट आहेत. लँडसॅटचा सगळा साठा अमेरिकेने २००८ साली खुला केला, सेंटिनेल-२ची चित्रं २०१५पासून युरोप खुली देतं. त्यामुळे हा छंद महागाचा नाही. वेळ मात्र खातो.

आता गोची. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला कुणी मोबाइल उघडत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रत्यक्षात थोडं पुढेमागे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं. हाच हिशोब उपग्रहाला लावून बघा. पौर्णिमा-अमावास्येला तो अकराला येतो तेव्हा खाडी तुडुंब. अष्टमीला येतो तेव्हा भरती सहाला होऊन गेलेली, बाराला पूर्ण ओहोटी, म्हणजे पाणी बरंच उतरलेलं. पण अष्टमीची ओहोटी ही भांगाची. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. खाडी तळाला लागते, मैलभर चिखल उघडा पडतो, ती ओहोटी उधाणाची. ती होते पौर्णिमेला-अमावास्येला सकाळी पाच-सहाच्या आसपास आणि पुन्हा संध्याकाळी पाच-सहाला. अकराचा पाहुणा ती कधीच बघत नाही. पाच-पाच दिवसांनी येतो, तिथी बदलते, पण अकरा बदलत नाहीत. वर्षानुवर्षं तो आमची खाडी बघतोय आणि त्याला तिची भरलेली पाठ ठाऊक आहे, तळ नाही.

हे मी तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, सांगायला गेले. मला वाटलं त्यांना नवल वाटेल. ते विडी विझवत म्हणाले, "आगं बाय, मंग तुझा उपग्रह खाडीत निवट्या धराया कामाचा नाय." विषय संपला.

चिखलातल्या निवट्या माशांचं जाऊ द्या, पण चिखलाचा तो पट्टा कामाचा असतो. भरतीच्या लाटेचा जोर तो मोडतो, त्याच्या मागे तिवर, म्हणजे कांदळवनाची झाडं, उभी राहते आणि तिवरीच्या मागे बांध. चिखल खचला की दहा वर्षांनी बांध जातो, असं जुनी माणसं सांगतात. नुसत्या अकराच्या चित्रांवरून चिखलाची रुंदी मोजली तर ती कायम कमीच भरते. उधाणाची ओहोटी आणि भांगाची ओहोटी यांच्यात आमच्याकडे मीटरभर उंचीचा फरक सहज पडतो. चिखलाचा उतार शंभराला एक धरला तर त्या एका मीटरमागे शंभर मीटर जमीन दिसेनाशी होते. सेंटिनेलचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, १० मीटरचा, म्हणजे दहा पिक्सेल गायब. लँडसॅटच्या ३० मीटरच्या हिशोबातही तीन.

यावर उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. सेंटिनेल-१ नावाचा दुसरा एक उपग्रह आहे, २०१४पासून फिरतोय. त्याच्यावर कॅमेरा नाही, रडार आहे. तो स्वतःच लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो, त्यामुळे त्याला ना ऊन लागतं ना मोकळं आभाळ. त्याची कक्षा पहाट-संध्याकाळची आहे. म्हणजे सकाळी तो आमच्यावरून जातो साडेसहाच्या आगेमागे, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला साडेसहा म्हणजे उधाणाच्या ओहोटीची वेळ. अकराच्या पाहुण्याला जे दिसत नाही ते याला बरोबर सापडतं. युरोपात कक्षा आखणाऱ्यांच्या मनात धरमतर खाडी नव्हती हे उघड आहे, पण जुळून आलंय खरं. मी पंचांग उघडून पौर्णिमा-अमावास्येच्या पुढच्या एक-दोन दिवसांतल्या तारखा काढते (उधाणाचा खरा जोर तेव्हा असतो) आणि त्यांतल्या ज्या दिवशी सेंटिनेल-१ आला असेल ते चित्र घेते. रडारचं चित्र दिसायला काही सुंदर नसतं. काळं-करडं, मिरी सांडल्यासारखं. शिवाय गुळगुळीत ओला चिखल आणि शांत पाणी, दोन्ही त्याला काळंच दिसतं, आणि वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या तर पाणी चिखलापेक्षा उजळ. म्हणून एका चित्रावर विश्वास ठेवायचा नाही, पाच-सहा चित्रांची सरासरी काढायची. तेवढं केलं की खाडीच्या तळातल्या ओहळांच्या फांद्यासुद्धा दिसायला लागतात.

मी इतकं तिथी-तिथी करते त्याला कारण आहे. किनारा आत आला, किनारा बाहेर गेला, अशा अहवालांचं सध्या पीक आलंय. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या चित्रांवरून देशाच्या मुख्य भूमीचा किनारा मोजला. साधारण एक तृतीयांश किनारा झिजतोय, असं त्यात आलं. पश्चिम बंगालचा ६० टक्के, महाराष्ट्राचा पाव. ते काम मोठं आहे, नेटकं आहे आणि २८ वर्षांचा कल बघणाऱ्या कामात एखाद्या चित्राची भरती-ओहोटी बरीचशी विरून जाते. मला राग येतो तो दोन चित्रांच्या अहवालांचा. एक जुनं चित्र, एक नवं चित्र, दोन्हीवर पाण्याची रेघ, मधलं अंतर मोजलं की झाला निष्कर्ष. असा एक अहवाल मध्यंतरी माझ्या टेबलावर आला होता. कुणी केला ते सांगत नाही. त्यात एका पुळणीची ८० मीटर धूप झाली होती. तारखा पंचांगात बघितल्या तर जुनं चित्र नवमीचं आणि नवं अमावास्येचं. आदल्या चित्रात ओहोटी, दुसऱ्यात भरती. समुद्राने काही खाल्लं नव्हतं, तो फक्त भरला होता. पुळणीचा उतार पन्नासाला एक असेल तर पाणी दीड-पावणेदोन मीटर चढलं की ८० मीटर आत येतंच. यावर एखादी धूपप्रतिबंधक भिंत बांधून झाली असती, काँक्रीटचे टेट्रापॉड येऊन पडले असते.

ऑस्ट्रेलियाने यावर चांगला तोडगा काढलाय. १९८८पासूनची लँडसॅटची सगळी चित्रं घ्यायची, प्रत्येक चित्राच्या क्षणी भरती किती होती ते गणिताने काढायचं, फार वरची-खालची चित्रं बाजूला ठेवायची आणि उरलेल्यांतून त्या वर्षाची एकच मधली रेघ काढायची. वर्षाला एक रेघ, अख्ख्या देशाची, सगळ्यांना बघायला खुली. आपल्या महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा धरतात, हे काम एका बऱ्या टीमला झेपण्यासारखं आहे. तोवर निदान दोन चित्रं तरी एकाच तिथीची घ्या. पंचांग काही महाग नसतं.

पाण्याची रेघ काढतानाही खाडी छळते ते वेगळंच. पाणी ओळखायची रूढ पद्धत अशी की हिरवा प्रकाश पाण्यावरून थोडाफार परत येतो आणि अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) जवळजवळ सगळा गिळला जातो. दोघांच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की पाणी वेगळं उठून दिसतं. स्वच्छ तळ्यासाठी ठीक. आमच्या खाडीचं पाणी चहासारखं असतं आणि त्या गढुळातली माती अवरक्त प्रकाश परत फेकते. मग पाणी जमिनीसारखं दिसतं आणि ओला चिखल पाण्यासारखा. अवरक्ताच्या जागी आणखी लांब लहरींचा पट्टा घेतला की बरं चालतं, पण सेंटिनेलचा तो पट्टा २० मीटरचा. एक मिळवायला गेलं की दुसरं सुटतं.

आता हिरव्याकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

दर दोन वर्षांनी भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून देशातली जंगलं मोजतं, त्यात कांदळवनांचं वेगळं प्रकरण असतं. महाराष्ट्राचा आकडा २०१५ला २२२ चौरस किलोमीटर होता, २०१७ला ३०४, २०१९ला ३२० आणि २०२१ला ३२४. २०१५ ते २०१७मध्ये ८२ चौरस किलोमीटर वाढ झाली तेव्हा पेपरांत मोठमोठे मथळे आले. या वाढीमागे चांगल्या गोष्टी नक्की आहेत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला आणि त्याच्या ५० मीटरच्या आत बांधकामाला बंदी घातली. २०१२ला वनखात्याचा कांदळवन कक्ष निघाला. मुंबई-ठाण्यात भराव टाकणाऱ्यांना थोडी तरी जरब बसली. पण दोन वर्षांत ८२ चौरस किलोमीटर तिवर नव्याने उगवून मोठी होत नाही. त्यातली बरीच आधीपासून वाढत असणार, विरळ असणार, मोजणीत यायला तिला वेळ लागला असणार, असं माझं मत आहे. आणि ती कुठे वाढत होती, हे मला आमच्या गावच्या गच्चीवरून दिसतं. ती आमच्या शेतात वाढत होती.

खारबांधाचं असं आहे की तो दरवर्षी राखावा लागतो. खेकडे भोकं पाडतात, उधाणात माती सुटते, उघाडीची फळी कुजते. पूर्वी उन्हाळ्यात गाव जमायचं आणि चिखलाची ढेकळं हातोहात देत बांध उचलायचं. १९४८ला खारजमिनींचा कायदा आला, १९७९ला दुसरा आला, बांध सरकारी योजनेत गेले आणि गावाने हात काढून घेतला. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसेल. पण फुटलेला बांध कुणी बांधायचा यावर कागद फिरत राहतात आणि कागद फिरेस्तोवर दोन उधाणं होऊन जातात. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात येतं. पहिल्या वर्षी भात जळतं. दुसऱ्या वर्षी कुणी पेरत नाही. मग शेतात खाडीचा गाळ बसतो, त्यात तिवरीच्या बिया भरतीबरोबर येऊन रुजतात आणि पाच-सहा वर्षांत माणसाच्या डोक्यावर जाईल असं रान उभं राहतं. जिथे पनवेल जातीचं भात होत होतं, बांधाच्या कडेला तळ्यात जिताडा पोसला जात होता, तिथे आता बगळे.

हे सगळं उपग्रहातून कसं दिसतं ते सांगते, कारण ही गोष्ट वरून वाचता येते आणि त्यात मला अजूनही मजा वाटते. बांध स्वतः दिसत नाही. दोन-तीन मीटर रुंदीचा बांध दहा मीटरच्या पिक्सेलमध्ये कुठे दिसणार? उंचीच्या नकाशांतही सापडत नाही. २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या शटलने अकरा दिवसांत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीच्या उंचीचा जो नकाशा केला, जो अजून बरेच जण वापरतात, त्याची उंचीतली चूकच काही मीटरची. बांध त्या चुकीत बुडून जातो. दिसतं ते बांध फुटल्यानंतरचं. चांगलं शेत वर्षातून एकदा हिरवं होतं. ऑक्टोबरात हिरवं-पिवळं, डिसेंबरात सड, मे महिन्यात पांढरट भेगाळ. खारं पाणी शिरलं की ही ये-जा थांबते. एक-दोन वर्षं तो पिक्सेल बारमाही ओला आणि काळपट राहतो. मग हळूहळू हिरवा व्हायला लागतो आणि हा हिरवा मे महिन्यातही जात नाही. म्हणून मी मे महिना धरते. आभाळ बऱ्यापैकी मोकळं असतं, गवत मेलेलं असतं, भात नसतं. मे महिन्यात सपाट खारेपाटात जे हिरवं आहे ते बहुतेक कांदळवनच. आंबा-नारळ सुटे करायला लागतात, पण ते गावठाणाच्या उंचवट्यावर, त्यामुळे फारसा त्रास देत नाहीत. १९९०च्या आसपासचा मे आणि आताचा मे असे दोन रंग एकावर एक ठेवले की कुठला जोळ, म्हणजे एका बांधाच्या आतली शेतं, कधी गेला त्याचा इतिहासच समोर येतो.

आमच्या जोळाचं साल काढताना तात्यांशी वाद झाला. गावात सगळे म्हणतात बांध २६ जुलैला गेला. २००५चा तो पाऊस इतका मोठा होता की रायगडात जे जे मोडलं ते सगळं त्या दिवसाच्या नावावर टाकायची पद्धत पडलीय. तात्यांचं म्हणणं वेगळं. "सव्वीस जुलैला मोठी खांड पडली. बारीक खांड आदल्या सालचीच व्हती, उघाडीच्या बाजूची. म्या सांगत व्हतो, कोन आयकतंय." मी लँडसॅटचा साठा उघडला. त्या काळातली आमच्याकडची बरीचशी चित्रं लँडसॅट-७ची आणि लँडसॅट-७चा एक भाग ३१ मे २००३ला बिघडला, तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चित्रात तिरके काळे पट्टे. साधारण २२ टक्के चित्र जातं. आमचा जोळ नेमका पट्ट्यात. पण पट्टे प्रत्येक वेळी जरा सरकतात, त्यामुळे दुसऱ्या फेरीच्या चित्रात अर्धा जोळ मिळाला, तिसऱ्यात उरलेला. २००५च्या उन्हाळ्यात, म्हणजे मोठ्या पावसाच्या आधी, उघाडीच्या बाजूचे काही पिक्सेल ओले-काळे होते. बाकी शेत पांढरं. तात्यांचं खरं निघालं.

प्रिंट काढून नेली तेव्हा त्यांनी ती आडवी धरून बघितली, मग उभी. खुश झाले असावेत, पण दाखवलं नाही. "कागूद झाला ना? आता ह्यो कागूद कोनाला दावू?" असं विचारलं. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

कारण कायद्याच्या नजरेत आता ते शेत नाही. सातबाऱ्यावर भात आणि उपग्रहावर जंगल. कांदळवन म्हणजे सीआरझेड-१ अ, किनारपट्टी नियमनाच्या अधिसूचनेतला सर्वांत कडक वर्ग. हजार चौरस मीटरच्या वर असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टा आणखी. तोडायची तर सोयच नाही, पण बांध पुन्हा घालून पाणी अडवलं तर आतली तिवर मरेल, म्हणून बांधालाही परवानगी लागते. किनारपट्टीच्या या नियमांत एक चांगली तरतूद आलेली आहे. फेब्रुवारी १९९१च्या आधीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीची रेषा तिथवरच धरायची. म्हणजे बांध कुठे होता, कधी होता, हे सिद्ध करता आलं तर त्याला अर्थ आहे. आणि १९९१च्या आधीचा बांध आतल्या कोरड्या शेतावरून सिद्ध करायला लँडसॅट-५ची १९८०च्या दशकाच्या शेवटची चित्रं आहेत. तो उपग्रह १९८४ला सोडला, तीन वर्षं चालेल म्हणून, आणि चालला २०१३पर्यंत.

कुणी असं समजू नये की मी तिवर तोडा म्हणतेय. बांधाच्या बाहेरची तिवर आमच्याच आजोबा-पणजोबांनी राखली, तीच बांधाची ढाल होती. शिवाय काही जोळ आता असे झालेत की तिथे पुन्हा भात होणं नाही, गाळच हातभर चढलाय. तिथे कांदळवन राहू दे, त्याचा मोबदला शेतकऱ्याला द्या, म्हणजे झालं. पण ज्या नकाशावर नुसता हिरवा रंग आहे आणि शेजारी "वाढ" असं लिहिलंय, तो नकाशा मला अर्धा वाटतो. खाडीच्या उघड्या चिखलावर उगवलेली तिवर आणि बुडालेल्या शेतावर उगवलेली तिवर दोन्ही एकाच रंगात? नकाशाच्या तक्त्यात एक रकाना वाढवायचा आहे, "१९९०मध्ये इथे काय होतं". माहिती सगळी फुकट पडलेली आहे. मी हे आमच्या आसपासच्या चार-पाच गावांपुरतं करून बघितलंय आणि बांधाच्या आतल्या हिरव्यातलं बहुतेक सगळं एके काळी वर्षातून एकदाच हिरवं होत होतं.

बाकी किनाऱ्यावर उपग्रह बरंच काही करतो, ते मला नीटसं करता येत नाही म्हणून धावतं सांगते. हैदराबादचं इन्कॉइस, समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याच्या रंगातून शेवाळाचं प्रमाण काढून मासळी कुठे मिळेल याचा सल्ला देतं. थंड-गरम पाण्याच्या सीमेवर शेवाळ जास्त, तिथे लहान मासे, त्यांच्या मागे मोठे. आपल्या ओशनसॅट उपग्रहांचं हे मोठं काम आहे. अलिबागच्या कोळीवाड्यातली माझी मैत्रीण सांगते, तिच्या भावाच्या व्हॉट्सअॅपवर सल्ला येतो, तो बघतो आणि मग आपल्या मनात असतं तिकडेच जातो, पण डिझेल महाग झाल्यापासून जरा जास्त बघायला लागलाय. पावसाळ्यात ढगांमुळे रंग दिसत नाही, आणि जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते, त्यामुळे त्याचं अडत नाही.

अडतं ते आमचं. किनारा खचायचा तो जून ते सप्टेंबर, उधाण मोठं तेही तेव्हा, आणि नेमके तेच चार महिने अकराच्या पाहुण्याला खाली कापूस दिसतो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूने आत आलं, तेव्हा वाड्यांमधली सुपारी आणि किनाऱ्यावरची सुरूची झाडं किती पडली ते बघायला मी रोज चित्र शोधत होते. वर पावसाळी ढग. माणसं कोयते घेऊन वाडीत शिरून झाडं मोजत होती आणि माझा पडदा पांढरा. रडारने तेव्हा थोडं दाखवलं, पण पडलेली सुपारी आणि उभी सुपारी यांतला फरक त्याच्या चित्रावरून सांगायला माझ्यापेक्षा जाणतं माणूस हवं.

तर हे करून बघायचं असेल तर फार लागत नाही. कोपर्निकस ब्राउझर फुकट उघडतो, मराठी माणसाला जमेल इतका सोपा आहे. आपलं गाव शोधा, मे महिन्यातली ढग नसलेली तारीख घ्या, अवरक्त पट्टा लाल रंगात दाखवणारं चित्र निवडा. त्यात झाडं लाल दिसतात आणि कांदळवन गडद लाल. तारीख पंचांगात बघून तिथी शेजारी लिहून ठेवा. मग २०१६चा मे उघडा, आणि जमलं तर लँडसॅटमधून त्याच्या मागचेही.

आणि पेण, अलिबाग, उरण, पनवेल, दिवा, कुठल्याही खारपट्ट्यातल्या कुणी हे वाचत असेल तर माझं एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्या बांधाला पहिली खांड कुठल्या साली पडली आणि कुठल्या बाजूने. साल नक्की आठवत नसेल तर कुणाच्या लग्नाच्या आधी की नंतर, एवढं चालेल. ते मला कळवा, त्या आधीचा आणि नंतरचा मे महिना मी काढून देते. लँडसॅट-७चे पट्टे आडवे आले तर थोडा वेळ लागेल.